लोकरीचा समुद्र

वादळात डोलकाठीवर चढून शिडे आवळणारा, तोफेचा गाडा छातीच्या जोराने पुढे ढकलणारा आडदांड गडी. दोरखंड ओढून तळहाताला घट्टे पडलेले, बोटांत डांबराचा वास मुरलेला. असा हा गडी सुट्टीच्या दुपारी डेकवर मांडी घालून बसला आहे, मांडीवर लाकडी चौकट आहे आणि तो रंगीत लोकरीने भरतकाम करतो आहे, असे कुणी सांगितले तर आपल्याला हसू येईल. सुई-दोरा हा बायकांचा प्रांत, अशी आपली समजूत इतकी पक्की आहे! पण एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश खलाशांनी लोकरीने भरलेली जहाजांची चित्रे आज संग्रहालयांत काचेमागे मानाने टांगलेली आहेत, लिलावात हौशी मंडळी ती चढाओढीने विकत घेतात. इंग्रजीत त्यांना लाडाने ‘वूली’ म्हणतात. आपण ‘लोकरचित्र’ म्हणू.

मी राहतो देवगाव रंगारीला. कन्नड तालुक्यातले हे गाव. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरून अडीचशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. आमच्याकडची पिके कापसाची, मक्याची, बाजरीची. पाण्याची गोष्ट निघाली तर विहिरीची नाही तर टँकरची. अशा कोरड्या मुलखात बसून आरमारी जहाजांच्या लोकरचित्रांवर लिहायचे म्हणजे वाचकांना नवल वाटेल. पण या चित्रांची छायाचित्रे पुस्तकांत आणि संग्रहालयांच्या सूचींत पाहत गेलो, तसतसे त्यातले एकेक सूत आमच्याच अंगणापर्यंत येऊन पोहोचते आहे, असे मला दिसू लागले. ते सूत कसे आले, तेच आज सांगायचे आहे.

सुई आली कुठून?

शिडाच्या जहाजावर सुई ही चैनीची वस्तू नव्हती. ती कुऱ्हाडीइतकीच गरजेची होती. शीड म्हणजे जाड कापडाचा प्रचंड पसारा. ते वाऱ्याने फाटायचे, झिजायचे, उसवायचे. ते शिवायला जहाजावर शिडे शिवणारा खास कारागीर असे आणि त्याच्या हाताखाली इतरांनाही बसावे लागे. आपला शिंपी बोटात अंगुस्तान घालतो. शिडे शिवणारा तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतो, कारण इतक्या जाड कापडातून सुई बोटाने जात नाही, सगळ्या तळव्याचा जोर लावावा लागतो.

दुसरी गोष्ट कपड्यांची. ब्रिटिश आरमारातल्या अधिकाऱ्यांना १७४८ सालापासून ठरलेला गणवेश होता, पण साध्या खलाशांसाठी असा अधिकृत गणवेश आला तो १८५७ साली. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस, खलाशी आपल्या विजारी-सदरे स्वतःच बेतून शिवत. कपडे शिवण्या-सांधण्यासाठी जहाजावर ठरावीक दुपारची सुट्टी मिळे. महिनोन्‌महिने बंदर दिसत नाही, घरचे पत्र नाही, लिहिता-वाचता येणारे थोडे. अशा वेळी शिवणाची सुई कपड्यावरून चित्राकडे वळली, यात नवल ते काय?

ही चित्रे साधारण १८४० नंतर होऊ लागली आणि १८६० ते १८८० या वीस वर्षांत त्यांना विशेष बहर आला. कापड बहुधा शिडाचे नाही तर विजारीचे जाडेभरडे. चौकट जहाजावरच्या सुताराकडून किंवा स्वतःच ठोकून केलेली. लोकर मात्र बंदरातून विकत घेतलेली. त्या काळी बर्लिन शहरातून रंगीत लोकर आणि चौकटीच्या कागदावर छापलेले नमुने युरोपभर जात. १८३० नंतर इंग्लंडातल्या घरोघरच्या बायका त्या नमुन्यांवरून कुत्री, फुलदाण्या आणि बायबलातले प्रसंग भरत. खलाशाने लोकर तीच घेतली, पण नमुना घेतला नाही. नमुना त्याच्या डोक्यात होता, कारण तो त्याच्याच पायाखाली होता!

दोर अचूक, लाटा नांगरटीच्या

लोकरचित्र पाहताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की जहाज नेहमी बाजूने दाखवलेले असते. नाळेपासून सुकाणूपर्यंत सगळे एका सरळ रेषेत, जणू फोटोसाठी ताठ उभे राहिलेले. कापडावर आधी जहाजाची आकृती आखून घ्यायची. मग आकाश, समुद्र आणि जहाजाचा सांगाडा लांब-लांब सरळ टाक्यांनी भरायचा. जुन्या चित्रांत साखळी टाकाही दिसतो. काही हौशी गडी शिडांच्या खाली कापूस वा कापड भरून ती फुगवत, म्हणजे वारा भरल्याचा भास व्हावा. शेवटी बारीक दोऱ्याने दोरखंड ओढायचे.

आणि हे दोरखंड पाहावेत! कुठला दोर कुठल्या परबाणावरून येतो, कुठे बांधतात, किती शिडे, तोफांच्या खिडक्या किती, हे सगळे बारकाव्यानिशी. ज्या दोरावर पाय ठेवून अंधारात, पावसात वर चढायचे, त्याची जागा चुकून कशी चालेल? चित्रात चुकला तर सोबती हसतील, आणि प्रत्यक्षात चुकला तर माणूस खाली. म्हणून जहाजाविषयी एरवी चित्रकार करतात त्या चुका हे खलाशी सहसा करत नाहीत.

पण त्याच चित्रातला समुद्र बघा. एका खाली एक ओळी. गडद निळी, फिकी निळी, पुन्हा गडद. आमच्याकडे रब्बीसाठी नांगरून ठेवलेल्या रानात तासे दिसतात ना, हुबेहूब तशा. मागचा किनारा असेल तर एखाद्या खेळण्यासारखा, त्यावर दीपगृह डोंगराएवढे. उन्हाची सावली कुठे पडेल याचा पत्ता नाही. चित्रकलेच्या शाळेत हे चित्र नापास होईल. मला मात्र यातच त्याचे मोल दिसते. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून होता ती त्याने अचूक भरली. बाकीचे जग त्याने मनाला वाटले तसे भरून टाकले. चित्रात कुठे अचूक आणि कुठे ढोबळ, यावरून त्या माणसाचे आयुष्य वाचता येते.

बावटा बोलतो

या चित्रांवर बहुधा करणाऱ्याचे नाव नसते, साल नसते. मग ते कधीचे हे ओळखायचे कसे? जाणकार आधी बघतात तो मागचा बावटा. १८६४ सालापर्यंत ब्रिटिश आरमाराचे तांबडा, पांढरा आणि निळा असे तीन ताफे होते आणि ज्याचा त्याचा त्या रंगाचा बावटा असे. १८६४ मध्ये ही पद्धत मोडली. पांढरा बावटा आरमाराला, तांबडा व्यापारी जहाजांना आणि निळा राखीव दलाच्या व सरकारी जहाजांना, अशी वाटणी झाली. तेव्हा तोफांच्या रांगा मिरवणाऱ्या युद्धनौकेवर तांबडा किंवा निळा बावटा दिसला, तर ते जहाज बहुधा १८६४ च्या आधीचे. चौकटीभोवती इंग्लंड, फ्रान्स आणि तुर्कस्तानचे झेंडे एकत्र भरले असतील, तर १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धातल्या दोस्तीची ती आठवण असण्याचा संभव मोठा. शिडांच्या मधोमध धुरांडे डोकावत असेल, तर वाफेचे युग आले म्हणायचे.

झेंड्याची ही साक्ष आपल्यालाही उपयोगी पडेल. आपल्या नौदलाच्या ध्वजावरचा तांबडा क्रॉस २ सप्टेंबर २०२२ रोजी गेला. त्याच दिवशी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका कोचीला नौदलात दाखल झाली आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेला अष्टकोन ध्वजावर आला. शंभर वर्षांनी कुणाच्या घरी आपल्या युद्धनौकेचे भरलेले चित्र निघाले, तर ते २०२२ च्या अलीकडचे की पलीकडचे, हे तेव्हाचा जाणकार या ध्वजावरूनच सांगेल.

रंगाऱ्याचा निळा

आता ते सूत आमच्या गावाकडे वळते. आमच्या गावाच्या नावातच ‘रंगारी’ आहे. रंगारी म्हणजे कापड आणि सूत रंगवणारा. निळीचा निळा, आलीच्या मुळ्यांचा तांबडा, करडईच्या फुलांचा कुसुंबी, हळदीचा पिवळा, ही त्याची जुनी संपत्ती. करडई तर आमच्या मराठवाड्याचे हक्काचे पीक. आज आपण तिला तेलासाठी ओळखतो, पण एके काळी तिच्या पाकळ्यांनी लुगडी रंगत होती. हे रंग सहज चढत नसत. निळीचे पिंप आंबवावे लागते. सूत त्यातून बाहेर काढले की आधी हिरवट दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होते. आलीच्या रंगासाठी कापड तेलात, तुरटीत पुन्हा पुन्हा बुडवून वाळवावे लागते. घरातल्या प्रत्येकाचे हात कोपरापर्यंत रंगलेले, अशी ती विद्या.

खलाशाच्या गणवेशाचा जो गडद निळा, ज्याला आजही जगभर ‘नेव्ही ब्लू’ म्हणतात, तो निळीचाच. आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला जाणारी नीळ मुख्यतः आपल्या देशातली, बंगाल-बिहारमधली. त्या निळीपायी तिथल्या कुळांचे काय हाल झाले ते १८५९ च्या बंगालातल्या उठावाने आणि पुढे १९१७ च्या चंपारणने जगाला दाखवले. म्हणजे खलाशाच्या अंगावरच्या निळ्या सदऱ्यात हिंदुस्थानातल्या शेतकऱ्याचा घाम होता.

पण त्याच्या चित्रातले रंग याच काळात बदलू लागले. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनीन काही जमले नाही. भांड्यात उरला तो जांभळा रंग! डांबरातून निघालेला हा पहिला बाजारी कृत्रिम रंग. त्यामागून गुलाबी, किरमिजी, झगझगीत हिरवे असे रंग धडाधड आले. लोकरीच्या लडी एकदम भडक झाल्या. लोकरचित्रे अभ्यासणारे लोक या रंगांवरूनही काळाचा अंदाज बांधतात. झगझगीत जांभळा दिसला की चित्र १८५६ नंतरचे.

खलाशाला स्वस्तात नवे रंग मिळाले, त्याचे आकाश खुलले. रंगाऱ्याच्या घरी मात्र त्याच रंगांनी अंधार केला. मंजिष्ठाच्या मुळांतला तांबडा रंग जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ साली प्रयोगशाळेत तयार केला आणि १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ बाजारात आली. जे काम करायला आठवडे लागत ते पुडी फोडून तासाभरात होऊ लागले. देशभर रंगाऱ्यांची पिढीजात विद्या पोटाला पुरेनाशी झाली. अनेक ठिकाणी आज ती विद्या राहिली आहे ती फक्त नावात, गावाच्या नाही तर आडनावाच्या. विलायतेच्या संग्रहालयातले एक भडक गुलाबी आकाश बघताना मला हे आठवते आणि नुसते कौतुक करवत नाही.

सागवानातले नाव

दुसरे सूत मुंबईला जाते. ज्या आरमारात ही चित्रे भरली गेली, त्याची कित्येक जहाजे आपल्या मुंबईत बांधलेली होती. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार-कारागीर १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडएकशे वर्षे गोदीवर राज्य केले. मलबारचा साग हे त्यांचे भांडवल. विलायतेतल्या ओकच्या लाकडात लोखंडी खिळा लवकर गंजतो. सागातल्या तेलामुळे तो टिकतो आणि लाकूडही सहजासहजी कुजत नाही.

जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या पाण्यात उतरली. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ती इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आजही पाण्यावर तरंगते आहे. ‘एशिया’ हे चौऱ्याऐंशी तोफांचे जहाज १८२४ चे, तेही मुंबईचे. १८२७ च्या नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण त्याच्यावरच फडकत होते. १८२१ ची ‘गँजेस’ म्हणजे आपली गंगाच. १८६० च्या दशकात तिच्यावर पोरांना खलाशाचे शिक्षण देण्याची शाळा निघाली आणि पुढे अनेक वर्षे इंग्लंडातली गरीब घरची पोरे मुंबईच्या सागवानावर उभी राहून दोराच्या गाठी आणि शिडांचे टाके शिकली. लोकरचित्रांच्या बहराचा काळ नेमका हाच.

जमशेटजींची एक गोष्ट सांगतात. १८०० साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ नावाच्या जहाजाच्या पोटातल्या मुख्य तुळईवर त्यांनी गुपचूप एक ओळ कोरून ठेवली होती. गोरे लोक आपल्याला ज्या शिवीने हिणवतात ती शिवीच वापरून त्यांनी लिहिले, की हे जहाज अशा एका काळ्या माणसाने बांधले आहे. पुष्कळ वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा त्यांनी स्वतःच ती ओळ दाखवली, असे म्हणतात. गोष्ट खरी असो वा पाठीमागून रंगलेली, तिच्यातली कळ खरी आहे. आपण केले, पण आपले नाव कुठे आहे, ही ती कळ.

जमशेटजींचे नाव निदान इतिहासात राहिले. त्यांच्या हाताखाली साग तासणारे सुतार, भेगांत काथ्या ठोकणारे कामगार, आणि त्याच समुद्रावर इंग्रजी जहाजांत कोळसा भरणारे, शिडे ओढणारे रत्नागिरी, कुलाबा आणि गोव्याकडचे खलाशी, यांची नावे कुणी लिहिली? सारंग, तांडेल, सुकाणी हे आपल्या किनाऱ्यावरचे शब्द इंग्रजी जहाजांच्या बोलीत गेले. शब्द गेले, माणसे मात्र हजेरीपटातल्या ओळी होऊन राहिली. ब्रिटिश खलाशाचेही काही फार निराळे नाही. त्याच्या जहाजाचे नाव इतिहासात आहे, त्याच्या कप्तानाचे आहे. त्याचे स्वतःचे नाव त्याच्याच चित्रावर नाही. पोटासाठी समुद्रावर गेलेला गोरा आणि काळा, दोघेही याबाबतीत एकाच होडीत बसलेले.

आमच्या भिंतीवरचे जहाज

आता तिसरे सूत, आणि ते तुमच्या-माझ्या घरातलेच आहे. ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे त्यांना दुसुतीच्या कापडावर लोकरीने भरलेली चित्रे आठवत असतील. काच आणि काळी पट्टी लावून बैठकीत टांगलेली. कमळाजवळची हंसाची जोडी, पोपट, हरिण, ‘सुस्वागतम्’. बघायला आलेल्या मंडळींना ‘हे आमच्या मुलीने भरले आहे’ असे अगत्याने दाखवले जाई. फुलीच्या टाक्याचा हा चौकटी-चौकटींचा प्रकार म्हणजे त्या बर्लिनच्या नमुन्यांचा दूरचा नातेवाईकच.

आमच्या घरी माझ्या आत्याने भरलेले एक चित्र आहे. त्यात जहाज आहे. तीन डोलकाठ्या, पांढरी शिडे, टोकाला तांबडा झेंडा, तो कुठल्याच देशाचा नव्हे. आत्याने समुद्र कधी पाहिला नाही. शाळेतल्या कुणा मैत्रिणीकडच्या नमुन्यावरून तिने ते उतरवून घेतले होते. खलाशाच्या चित्रापुढे ते ठेवले तर गंमत दिसते. खलाशाचे दोर अचूक आणि समुद्र ढोबळ; आत्याच्या जहाजाला दोरच नाहीत, शिडे हवेत तरंगतात, पण पाणी मात्र तिने सहा-सात निळ्या छटांनी जीव ओतून भरले आहे. ज्या मुलखात उन्हाळ्यात हंड्याला रांग लागते तिथल्या बाईने पाणी असे मन भरून भरावे, हे मला फार बोलके वाटते. जिथे जीव अडकलेला असतो तिथे टाके दाट पडतात, हे दोन्ही चित्रांना सारखेच लागू आहे.

त्या चित्राच्या मागे तिचे नाव नाही. ते कुणी भरले हे आज घरातल्या दोघा-तिघांना ठाऊक आहे, एवढेच.

आणि हे केवळ लोकरचित्रांपुरते नाही. मराठवाड्यातल्या बायका जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने गोधडी शिवतात. नीट पाहिले तर तिच्यात घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे सापडतात. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या भरतकामात आरसे असतात आणि कवड्याही असतात. कवडी म्हणजे समुद्रातल्या जीवाचे कवच, एके काळी मालदीव बेटांवरून व्यापाराच्या वाटेने देशभर आलेले. आमच्या कोरड्या मुलखात समुद्र आला तो असा, ओढणीच्या काठाला लागून!

सुई बायकांची ही समजूतही आपल्याच इतिहासापुढे टिकत नाही. संत नामदेव शिंप्याच्या घरातले, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संभाजीनगरची हिमरू आणि पैठणची पैठणी विणणाऱ्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या पुरुष बसत आले. धाग्याचे काम बाजारात विकले की तो पुरुषाचा धंदा ठरतो आणि घरात केले की तो बाईचा रिकामा वेळ! खलाशाची लोकरचित्रे या दोन्ही खणांत बसत नाहीत. पुरुषाने घरच्या ओढीने केलेले ते काम आहे. कदाचित म्हणूनच त्यांना कला म्हणायला विलायतेतल्या जाणकारांनीही बराच वेळ घेतला.

अंथरुणावरचा कोळी

हा प्रकार पुढे सरला. लोखंडी, वाफेच्या जहाजांवर शिडे उरली नाहीत, शिडांबरोबर सुई गेली. बंदरात स्वस्तात फोटो मिळू लागले. पण सुईची ओढ काही अशी एकदम सुटत नाही. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर १८८१ साली जन्मलेला जॉन क्रास्क हा कोळी पहिल्या महायुद्धाच्या काळात आजारी पडला तो कायमचाच. बसवेना तेव्हा त्याने पडल्या पडल्या सुई हाती घेतली. पत्नीने कापड दिले, दोरा दिला. ज्या समुद्रावर आता जाता येत नव्हते तो समुद्र त्याने अंथरुणावर आणला. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावरून होड्यांनी सैनिक कसे सोडवून आणले ते त्याने एका लांबलचक कापडावर भरायला घेतले. १९४३ मध्ये तो वारला तेव्हा आकाशाचा थोडासा भाग भरायचा राहिला होता. ते अपुरे कापड आज नॉर्विचच्या संग्रहालयात आहे आणि २०१४ साली लंडनच्या टेट ब्रिटन कलादालनाने लोककलेचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात क्रास्कच्या भरतकामाला मानाची जागा मिळाली.

क्रास्कला जागा मिळाली याचे कारण त्याचे काम चांगले होते हे तर खरेच. पण दुसरे कारण असे, की ते कुणाचे हे लोकांना माहीत होते. नाव होते म्हणून गोष्ट राहिली, आणि गोष्ट राहिली म्हणून कापड जपले गेले. ज्या शेकडो लोकरचित्रांची नावे हरवली त्यांच्यापुढे उभे राहून आपण फक्त जहाजाचे नाव वाचतो.

मागच्या बाजूला दोन ओळी

म्हणून वाचकांना माझी एक साधी विनंती आहे. तुमच्या घरी आजीचे, आईचे, मावशीचे भरलेले चित्र असेल, पेटीत पडले असेल किंवा माळ्यावर टाकले असेल, तर ते या रविवारी खाली काढा. धुऊ नका, जुने रंग पाण्यात उतरतात आणि शेजारच्या पांढऱ्यावर पसरतात. लोकरीला कसर लागते, तेव्हा चौकट उघडून मऊ ब्रशने हलक्या हाताने धूळ झटका आणि आत किडीची भोके पडली आहेत का ते बघा. उन्हाच्या झोतासमोर टांगू नका, ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच. काच लोकरीला चिकटलेली असेल तर फ्रेमवाल्याला सांगून मध्ये पट्टीभर अंतर ठेवून घ्या.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचे. कापडावर शाई लावू नका. एका स्वच्छ कागदावर लिहा आणि तो फ्रेमच्या मागे लावा. कुणी भरले, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली, लग्नाआधी की नंतर, नमुना कुठून आला, कुणासाठी भरले. घरात ज्यांना हे आठवते त्या माणसांना आज विचारा. ही माणसे थोडी आहेत आणि वर्षागणिक आणखी थोडी होत आहेत. गोधडी असेल तर तिच्यातला कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हेही लिहून ठेवा. मुलांना हाताशी घ्या, त्यांचे अक्षर चांगले असते आणि प्रश्न त्याहून चांगले असतात.

जहाजाच्या पोटात कोरलेली जमशेटजींची ती ओळ दाखवायला ते स्वतः हजर होते. आपल्या घरातल्या बहुतेक हातांना तशी संधी मिळालेली नाही. त्यांच्या वतीने त्या दोन ओळी आपणच लिहायच्या आहेत, आणि त्याला लागणार काय, तर एक कागद आणि घटकाभर वेळ.